गळक्या व्हॉल्वचे चतुर

चतुर मोजणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो एकदा करून बघावा. ऊन जरा वर आलं की डबक्याच्या काठी उभं राहायचं, गळ्यात दुर्बीण, हातात पेन, आणि समोर जे भिरभिरतंय ते मघाशी मोजलेलंच आहे की नवीन, हे ठरवायचं. मी कारखान्याच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात, म्हणजे सगळे ज्याला क्यूसी म्हणतात तिथे, उभी हयात बेअरिंग तपासण्यात घालवली. एकही बेअरिंग तपासणी चालू असताना उठून दुसऱ्याच्या जागी जाऊन बसलं नाही. चतुर बसतो. मुद्दाम बसतो, असं माझं मत आहे.

चतुर म्हणजे कोण हे ज्यांना कळलं नसेल त्यांना सांगतो. लांब शेपटी, चार पारदर्शक पंख, डोक्यापेक्षा मोठे डोळे, आणि लहानपणी ज्याच्या शेपटीला आपण दोरा बांधायचो, तो. भोपाळला आमच्या सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमधली मुलं त्याला हेलिकॉप्टर म्हणतात आणि मोठी माणसं काहीच म्हणत नाहीत. मीही म्हणत नव्हतो आणि माझं बरं चाललं होतं.

या भानगडीत मी पडलो तो शाहपुऱ्याच्या मराठी मंडळातल्या एका व्याख्यानामुळे. मी साबुदाणावड्यांसाठी गेलो होतो असं माझी बायको वसुधा सगळ्यांना सांगते. ते खोटं आहे. वडे आहेत हे मला तिथे गेल्यावर कळलं. व्याख्यान सुचेता मॅडमचं होतं. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, आणि आवाज असा की मागच्या रांगेतला झोपलेला माणूसही वही काढेल. भोपाळमधल्या तळ्यांवर, नाल्यांवर, डबक्यांवर कुठले चतुर आहेत आणि किती, याची पाहणी त्या हौशी लोकांकडून करून घेत होत्या. चतुर पाण्यात अंडी घालतो, त्याची पिल्लं पाण्यात वाढतात आणि डासांच्या अळ्या खातात, तेव्हा चतुर कुठे आहेत हे कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं. प्रश्नोत्तरांत मी उभा राहिलो आणि म्हणालो, "तुमच्या मोजणीत खोट आहे. एकच नग दोनदा मोजला जाणार नाही याची काय व्यवस्था?"

चतुराला तोपर्यंत कुणी नग म्हटलं नसावं. सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मला असाच माणूस हवा होता. नाव काय आपलं?"

नाव भालचंद्र पांढरीपांडे. आम्ही मूळचे नागपूरचे. टाउनशिपमधले निम्मे लोक मला पांडेजी म्हणतात आणि उत्तर प्रदेशातला समजतात. पूर्वी मी दुरुस्ती करत असे, आता सोडून दिलंय. नाव सांगितलं, आणि पाहणीत ओढला गेलो.

प्रत्येकाने आपल्या घराजवळचं एक पाणी निवडायचं आणि पावसाळाभर दर रविवारी तिथे जाऊन नोंद करायची, असा नियम होता. शाहपुऱ्यातल्या लोकांकडे अख्खं तळं होतं. कोलार रोडवरचे निगम म्हणून एक बँकेतले गृहस्थ होते, त्यांच्याकडे एक नाला होता आणि त्या नाल्याहून लांब अशी कॅमेऱ्याची नळी होती. माझ्याकडे काय होतं? काहीच नाही. आणि मग मला आमच्या ब्लॉकमागचं डबकं आठवलं.

या डबक्याबद्दल नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरच घडलं. आमच्या ब्लॉकच्या मागून टाउनशिपची पाण्याची मोठी लाइन जाते. तिच्यावर एक व्हॉल्व आहे. तो गळतो. कधीपासून गळतो, कुणाला माहीत नाही; आम्ही या क्वार्टरमध्ये राहायला आलो तेव्हा तो गळतच होता. गळलेलं पाणी शेजारच्या खोलगट जागेत साठतं, त्यात पाणकणसं माजलीत, आणि उन्हाळ्यातही ते डबकं आटत नाही. आटतो फक्त आमचा नळ. आम्ही वरच्या मजल्यावर. आमच्या नळाला पाणी येतं ते सुतासारखं. वसुधा पहाटे उठून त्या सुताखाली बादली लावते आणि तेवढ्यात चहा करून, पिऊन, कप विसळून येते, तरी बादली अर्धीच. व्हॉल्वची तक्रार करायला ती सिव्हिल विभागात इतक्यांदा गेली असेल, की तिथला शिपाई तिला ‘पानीवाली भाभी’ म्हणतो. तक्रार लिहून घेतात, "हो जाएगा भाभीजी" म्हणतात, आणि होत नाही. खालच्या मजल्यावरच्या मुठाळांच्या नळाला मात्र धो धो पाणी. म्हणून व्हॉल्वच्या बाबतीत मुठाळ नेहमी धीर धरायला सांगतात.

नीळकंठ मुठाळ फायनान्समध्ये आहेत, अकोल्याचे. सल्ला देण्यासाठी त्यांना विषयाची माहिती लागत नाही. मी पहिल्या रविवारी डबक्यावर उभा राहिलो तर हे बनियनवर बाहेर आले.

"काय मोजून राहिले जी?"

"चतुर."

"उडून राहिले ते. असे कसे मोजाल? मी म्हणतो, जाळी घ्या, सगळे पकडा, डब्यात भरा, झाकण लावा. मग आरामात मोजा. क्लोजिंग स्टॉक काढतात तसा."

मी म्हणालो की त्यांना हात लावायचा नाही असा नियम आहे. ते म्हणाले, मग एकेकाच्या शेपटीला रंगाचा ठिपका लावा. मी म्हणालो, हात न लावता? त्यावर ते थोडा विचार करून म्हणाले, "पिचकारीनं!" आणि आत गेले. जाताना, फायनान्सचा माणूस काय काय सांभाळतो ते आता तरी बघा, अशा नजरेनं माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या रविवारी सुरक्षा विभाग आला. दोष माझा नाही, ब्लॉकच्या रचनेचा आहे. डबक्याच्या बरोबर पलीकडे समोरच्या ब्लॉकच्या गॅलऱ्या आहेत, आणि रविवारी सकाळी तिथे बायका कपडे वाळत घालतात. एक लाल चतुर उडत उडत त्या दिशेला गेला, आणि माझी दुर्बीण त्याच्यामागे गेली. कुणीतरी फोन केला. सायकलवरून दोन शिपाई आले, आणि इतक्या वर्षांच्या निष्कलंक नोकरीत पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं, "आप यहां क्या देख रहे हैं?"

मी खरं ते सांगितलं. ‘हेलिकॉप्टर गिन रहा हूं’ हे उत्तर किती वाईट आहे हे मला ते तोंडातून बाहेर पडल्यावर कळलं. मोठा शिपाई म्हणाला की कारखाना जवळ आहे, दुर्बिणीला पास लागतो. पाससाठी सुरक्षा कार्यालयात गेलो तर ते म्हणाले, पास मालाला मिळतो, वापराला नाही, आधी स्टोअरकडून लिहून आणा की ही दुर्बीण कारखान्याची नाही. स्टोअर म्हणालं, जी वस्तू आमची नाही तिच्याबद्दल आम्ही कसं लिहिणार? शेवटी एका भल्या बाबूने तोडगा काढला. दुर्बीण ‘तपासणीचं साधन, नग एक’ म्हणून माझ्या विभागाच्या नावावर चढवली आणि मला रोजच्या वापरासाठी दिली. अशी माझी स्वतःची, सासऱ्यांनी दिलेली दुर्बीण सरकारजमा झाली. निवृत्तीच्या दिवशी ती मला परत करावी लागणार आहे. वसुधाला हे अजून सांगितलेलं नाही.

असं सगळं असलं तरी एक गोष्ट कबूल करतो. मला ते आवडायला लागलं होतं. रविवारची वाट बघायचो. सुरुवातीला मला सगळे एकच दिसायचे, मग लाल वेगळा दिसायला लागला, जांभळट वेगळा, निळा वेगळा. पंख मिटून बसणाऱ्या काडीएवढ्या टाचण्या वेगळ्या. आणि एका रविवारी एका पाणकणसाच्या टोकावर एक असा येऊन बसला की मी पेन खाली पाडलं. त्याचे पंख पारदर्शक नव्हतेच. पिवळे, त्यावर काळी नक्षी. आधी वाटलं फुलपाखरू. मग डोळे बघितले, शेपटी बघितली. चतुरच! मोबाइलवर फोटो काढून मॅडमना पाठवला. जरा हललेला, पण पिवळंकाळं दिसत होतं.

त्यांचा लगेच फोन आला. "पांढरीपांडेसाहेब, हा मला यंदा शहरात दुसऱ्या कुणाकडूनच आलेला नाही. निगमांकडेसुद्धा नाही. येत्या रविवारी आम्ही सगळे तुमच्याकडे येतो. तुम्ही दाखवायचा."

त्यांनी पूर्ण नाव घेतलं होतं, पांडेजी नव्हे. आणि सगळे माझ्याकडे येणार होते. मी तपासलेलं काही बघायला आजवर फक्त ऑडिटवाले आले, तेही चूक शोधायला. निवृत्ती जवळ आलेल्या माणसाला याचं काय वाटतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. त्या दिवशी मी संध्याकाळी दाढी केली, एवढंच सांगतो.

आणि इथेच मी माती खाल्ली.

मॅडमनी प्रत्येकाला आपल्या जागेबद्दल चार ओळी लिहून मागितल्या होत्या. पाणी कुठून येतं, स्वच्छ आहे का, वगैरे. आता मला चार ओळी एकाच पद्धतीनं लिहिता येतात. आमच्या क्यूसीत निरीक्षण लिहायचं, त्याखाली कारण लिहायचं, आणि त्याखाली ‘प्रत: संबंधित विभाग’. हाताला वळणच ते. मी लिहिलं: निरीक्षण, चतुरांच्या अनेक जातींचा उत्तम आढळ. कारण, मुख्य लाइनच्या व्हॉल्वमधून अखंड गळती, त्यामुळे बारमाही स्वच्छ पाणी. सवयीनं खाली प्रतीची ओळही आली. कागद ऑफिसातून मॅडमना पाठवला, आणि आमच्या ऑफिसच्या मुलीने खालची ओळ वाचून प्रती संबंधित विभागांना पाठवल्या. सिव्हिलला. मलेरिया विभागाला. महाव्यवस्थापकांना.

बाहेरच्या माणसाला यात काय बिघडलं ते कळायचं नाही. आमच्याकडे नागरिकाची तक्रार ही तक्रार असते, ती पडून राहिली तरी चालते. पण क्यूसीचं निरीक्षण, आणि तेही महाव्यवस्थापकांना प्रत असलेलं, ‘क्लोज’ करावं लागतं. ते उघडं राहिलं तर आठवड्याच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर नाव वाचतात. जे काम वसुधाच्या इतक्या वर्षांच्या चपला झिजवण्याने झालं नाही, ते माझ्या कौतुकाच्या एका ओळीने दुसऱ्याच दिवशी सुरू झालं.

मी कारखान्यातून परत आलो तर डबक्यावर सिव्हिलचे सक्सेना उभे. बरोबर माणसं, पंप, मुरमाची गाडी. सक्सेना सज्जन माणूस, पण त्या दिवशी माझ्यावर भडकलेला.

"पांडेजी, आपने तो मरवा दिया! अरे, मुझे बोल देते, लिखने की क्या ज़रूरत थी?"

"सक्सेनाजी, मी तक्रार नाही केली. तारीफ केली होती, तारीफ!"

"तारीफ की कॉपी जीएम साब को कौन देता है, भाई?"

व्हॉल्व बदलला. लाइनवर मुरूम टाकून जागा सपाट केली. मलेरिया विभागाचं समाधान व्हावं म्हणून डबकं उपसलं आणि पाणकणसं कापली. उरला एक चिखलाचा खड्डा, आणि त्याच्यावर दोन लाल चतुर फेऱ्या मारत होते. गावाहून आलेला पाहुणा जुन्या पत्त्यावर घर सापडत नाही म्हणून गल्लीत फिरतो, तसे फिरत होते. मला बघवेना. वाईट वाटलं, अगदी मनापासून वाईट वाटलं.

घरात गेलो तर वेगळाच सण. "अहो, बघा! बघा तरी!" वसुधाने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि नळ सोडला. पाणी बादलीत असं आदळलं की तिच्या साडीवर उडालं, आणि ती हसली. तिने पडदे धुवायला काढले होते, सतरंज्या काढल्या होत्या, वर्षानुवर्षं नुसत्या पुसल्या गेलेल्या बरण्या काढल्या होत्या. सक्सेनासाठी शिऱ्याची वाटी वेगळी झाकून ठेवली होती. "शेवटी ऐकलं हो त्यांनी माझं," ती म्हणाली. ते माझ्या कागदामुळे झालं हे सांगावं असं क्षणभर वाटलं. पण ज्या कागदाचा मला पश्चात्ताप होत होता त्याचं श्रेय कसं घ्यायचं? मी शिरा खाल्ला.

रविवार जवळ आला होता आणि पावसाने नेमकी दडी मारली होती. मॅडमना ‘येऊ नका’ म्हणायचं? निगमांच्या तोंडावर? मुठाळ म्हणाले, "काहून टेन्शन घेता? पाणीच पाहिजे ना? खड्डा भरून टाका." मग आम्ही माझ्या नव्या नळाच्या बादल्या जिन्यावरून उतरवून खड्ड्यात ओतून बघितल्या. मुठाळ काठावरून मोजत होते आणि मी ओतत होतो. पाणी चिखलात जिरायचं आणि चिखल जसाच्या तसा. वसुधाने विचारलं काय चाललंय. मी म्हटलं, झाडांना पाणी. "कुठल्या झाडांना?" मी पुढची बादली उचलली.

तेव्हा मुठाळांना चौबे आठवले. चौबे आमच्या अग्निशमन केंद्राचे प्रमुख. धिप्पाड, उत्साही, आणि कधी आगच लागत नाही म्हणून थोडे उदास. त्यांची सरावाची कवायत, म्हणजे मॉक ड्रिल, राहून गेली होती आणि वरून विचारणा होत होती. त्यांना सराव हवा, मला पाणी हवं. चौबे म्हणाले, "पांडेजी, टेंशन नहीं लेने का. अपन शनिवार सुबह गाड़ी लगाएंगे, फुल टैंक आपके गड्ढे में. आपका भी काम, अपना भी काम."

मला वाटलं होतं एक पाइप येईल, हळूच पाणी सोडतील, आणि जातील. शनिवारी सकाळी आधी भोंगा आला. तो ऐकून आजूबाजूचे सगळे ब्लॉक बाहेर पडले. एक गृहस्थ टीव्ही उचलून खाली आले. एक आजी देव्हाऱ्यातले सगळे देव पदरात घेऊन आल्या. मग लाल गाडी आली, आणि मुठाळांनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून तिला हाताने मागे घ्यायला सुरुवात केली. कुणी सांगितलं होतं कोण जाणे. "येऊ द्या, येऊ द्या, आने दो, आने दो..."

ती गाडी पाण्याने काठोकाठ भरलेली. ती आली ती नेमकी ताज्या मुरमावर. मागचं चाक आधी थोडं दबलं, मग आणखी दबलं, मग खालून काहीतरी कट्कन वाजलं. मुठाळ म्हणाले, "आने दो." आणि चाकाशेजारून पाण्याचा असा फवारा उठला की मुठाळांच्या डोक्यावरून पलीकडे जाऊन देव घेतलेल्या आजींना आंघोळ झाली.

नवीन व्हॉल्व गेला होता. लाइनही गेली होती. खड्डा भरायला चौबेंना पाइप उघडावासुद्धा लागला नाही.

एवढ्यात पांढरी गाडी आली. भोंगा ऐकून खुद्द महाव्यवस्थापक बघायला आले होते. सगळे सटासट बाजूला झाले. चौबेंनी मात्र कमाल केली. ओल्या कपड्यांनी पुढे जाऊन सलाम ठोकला आणि म्हणाले, "सर, मॉक ड्रिल! सिचुएशन ये है कि मेन लाइन फट गई है, सर!"

महाव्यवस्थापकांनी फवाऱ्याकडे बघितलं, धावणाऱ्या माणसांकडे बघितलं, आजींकडे बघितलं. "वेरी रियलिस्टिक," ते म्हणाले. "वेरी गुड, चौबे. किसका प्लान था?"

"पांडेजी का, सर!" चौबे भला माणूस. श्रेय एकट्याने खात नाही. महाव्यवस्थापकांनी माझ्या ओल्या खांद्यावर थाप मारली. इतक्या वर्षांत पहिली. मागे सक्सेना डोकं धरून मुरमावर बसले होते.

मी वर बघितलं. गॅलरीत वसुधा उभी होती. तिच्या हातात अर्धवट धुतलेला पडदा होता, त्याला साबण तसाच. तिने सगळं ऐकलं होतं. ती आत गेली. आतून नळ उघडल्याचा आवाज आला, मग नळात हवा खोकल्याचा, आणि मग काहीच नाही. आता सूतसुद्धा नव्हतं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. दिवसभरात ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. जेवायला वाढलं, ताटाच्या डाव्या बाजूला मीठ, त्याच्याशेजारी लोणच्याच्या जागी काही नाही. ती लोणचं विसरत नसते. पडदा साबणासकट मोरीत पडून होता. मला समजत होतं की खड्डा भरला याचा मला आनंद व्हायला हवा आणि मला तो होत नव्हता.

रविवारी सकाळी मॅडम आल्या. शाहपुऱ्याचे लोक आले. निगम आले, नळीसकट. डबकं पूर्वीपेक्षा मोठं आणि रात्रभराच्या वाहत्या पाण्याने नितळही झालं होतं, पण काठावर माझ्या पाहुण्यांपेक्षा जास्त गर्दी दुसरीच होती. सगळ्या ब्लॉकचं पाणी गेलेलं, टँकर यायचा होता, तेव्हा फुटक्या पाइपाच्या तोंडाशी बादल्यांची रांग लागली होती. पाहुण्यांना वाट देताना बायका माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या, ती मी लिहीत नाही. रांगेत वसुधा होती. कमरेवर कळशी, हातात बादली. माझ्याकडे पाठ.

लाल चतुर परतले होते. दोनतीन निळे होते. पाणकणसंच नसल्यामुळे बसायला काही नव्हतं, सगळे नुसते फिरत होते. आम्ही उभे राहिलो. ऊन चढलं. पिवळाकाळा कुठेच नाही.

"पांडेजी," निगम नळीला डोळा लावून म्हणाले, "वो आपका पीला वाला पक्का ड्रैगनफ्लाय ही था ना? कभी कभी तितली भी वैसी दिखती है."

मॅडम म्हणाल्या, "फोटो मी पाहिला आहे, निगमजी." पण त्यांनी घड्याळ बघितलेलं मला दिसलं. मी पेनाला टोपण लावलं. तपासणीत नग हजर नसेल तर तो नापास, हे मीच इतकी वर्षं इतरांना सांगत आलो.

"अहो."

आवाज हळू होता. कालपासूनचा पहिला शब्द. मी वळलो. वसुधा कळशी आणि बादली भरून रांगेतून बाहेर पडली होती आणि वाटेतच थांबली होती. तिच्या कमरेवरच्या कळशीच्या काठावर पिवळे पंख पसरून, काळी नक्षी उन्हाला धरून, तो बसला होता.

"बघा लवकर," ती ओठ न हलवता म्हणाली. "हाच ना?"

सगळे पुढे सरकले. "कुणी पुढे येऊ नका!" ती म्हणाली. "उडेल तो. तिथूनच बघा." आणि पानीवाली भाभी बोलली म्हटल्यावर निगमांसकट सगळे जागच्या जागी उभे राहिले. नळीचे खटाखट आवाज आले. मॅडमनी चष्मा वर केला, पुन्हा खाली केला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. तोच होता.

मी चतुराकडे बघायला हवं होतं, पण मी वसुधाच्या हाताकडे बघत होतो. बादली तुडुंब भरलेली होती आणि कडी तिच्या बोटांत रुतली होती, तरी ती बादली खाली ठेवत नव्हती, कारण वाकलं असतं तर कळशी हलली असती. माझ्यामुळे जिचा नळ गेला, ती माझ्यासाठी तशी उभी होती. मी उगीच दुर्बीण डोळ्याला लावली, एवढ्या जवळून काही दिसत नव्हतं तरी.

मग तो उडाला, डबक्यावर एक गिरकी मारली आणि गेला.

"झाला मोजून?" वसुधाने विचारलं.

"झाला."

"दोनदा नाही ना मोजला?"

मॅडम हसल्या. व्याख्यानात याच प्रश्नाला त्या हसल्या नव्हत्या.

वसुधाने बादली खाली ठेवली आणि गर्दीच्या मागे लपलेल्या सक्सेनांना हाक मारली. "सक्सेना भैया, इधर आइए. पाइप पक्का करिए आज के आज. लेकिन एक पतला नल इधर छोड़ देना, इस गड्ढे में. ज़्यादा नहीं. इतने साल हमारे किचन में जितना पानी आता था ना, बस उतना."

सक्सेना म्हणाले, "भाभीजी, उतने में इनका हो जाएगा?"

"हमारा तो हुआ ना," ती म्हणाली.

सक्सेनांनी माणसं बोलवायला लगेच फोन काढला.

"आणि तुम्ही," ती माझ्याकडे वळली, "आता ही बादली धरा. वर तीन रिकाम्या आहेत. आणि तो पडदा कालपासून साबणात आहे."

मी सरकारी दुर्बीण निगमांच्या गळ्यात अडकवली आणि बादली उचलली.